पाचवी पायरी

आठ पायऱ्यांची, उघडमीट होणारी, अंगभर रंगाचे ठिपके असलेली एखादी जुनी लाकडी शिडी कुठे दिसली, तर मित्रांनो, ती मीच असेन. माझ्या दुसऱ्या पायरीवर एका शाळेचा पिवळा रंग आहे, चौथीवर दवाखान्याचा फिकट हिरवा. आणि सगळ्यात वर एका हौशी बाईंच्या बैठकीचा असा जांभळा आहे, की तो त्यांना स्वतःलाच आठ दिवसांत नकोसा झाला. म्हातारपणी लोक आठवणी विसरतात म्हणे. माझ्या तर अंगावरच सांडल्या आहेत, त्यामुळे विसरायची सोय नाही.

मला घडवले मालकांच्या मामांनी. मामा सुतार होते. कोणाचे तरी घर पाडताना निघालेल्या दारांच्या चौकटी त्यांनी जपून ठेवल्या होत्या. भाचा रंगकामाला लागला तेव्हा त्यांतून त्यांनी मला बनवले. पायऱ्या नुसत्या खिळ्यांनी ठोकल्या नाहीत, खाचा पाडून नीट बसवल्या. मामा मोजून मापून बोलणारे. मला भाच्याच्या हवाली करताना ते एवढेच म्हणाले, "रोज सकाळी हिच्यावर हात फिरवत जा. शिडी पडायच्या आधी बोलते. बोलली की खाली उतर."

भाचा तेव्हा विशीत होता. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच हात फिरवू लागला. तेच आमचे मालक.

मालकांची एक गंमत सांगते. जमिनीवर असताना त्यांच्या तोंडून चार शब्द निघत नसत. पाहुण्यांत नेऊन बसवले तर 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढ्यावर सबंध संध्याकाळ काढत. पण माझ्या तिसऱ्या पायरीवर पाय पडला की त्यांची जीभ सुटे. भिंतीच्या भेगा भरायची लांबी नीट सुकू का द्यायची, ओल आली ती भिंतीतून की नळातून हे कसे ओळखायचे, पहिला हात सुकण्याआधी दुसरा दिला तर रंग कसा सूड घेतो, हे सगळे ते घरमालकाला, मदतनिसाला आणि कोणी नसेल तर भिंतीला सांगत. ऐकणाऱ्याला पटकन समजे. मी तर इतक्या वेळा ऐकले आहे की हात असते तर मीही दोन खोल्या रंगवल्या असत्या.

काम संपले की लोक भिंतींचे कौतुक करत, मालकांचे करत. शिडीचे कोण करणार? पण निघताना मालक ओल्या फडक्याने माझे पाय पुसत. मला तेवढे पुरे होते.

पुढे कामे वाढली. सकाळचा तो हात आधी घाईघाईने फिरू लागला आणि मग फिरेनासाच झाला. माझ्या पाचव्या पायरीला खाचेजवळ चीर पडली, ती कोणाच्या बोटांना लागली नाही. मित्रांनो, मी सांगितले. मला जसे सांगता येते तसे सांगितले. सकाळी एकदा करकरले. जेवणाच्या सुट्टीनंतर एकदा करकरले. तिसऱ्यांदा करकरले तेव्हा मालक छताच्या शेवटच्या कोपऱ्यात होते. "एवढा कोपरा होऊ दे, मग बघतो तुझ्याकडे," असे ते पुटपुटले, आणि पायरी गेली.

मालकांचा गुडघा दुखावला. चालता येईल, उभे राहता येईल, पण शिडीचे नाव पुन्हा काढायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मालक एकच वाक्य सांगत, "शिडीनं दगा दिला." पायरी तडकली तेव्हा लागले नव्हते इतके मला त्या वाक्याने लागले.

माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर टॉवेल वाळू लागले, मग मोजे. सव्वीस वर्षे एका माणसाला उचलून धरले आणि शेवटी मी मोज्यांची झाले.

मालक आठ महिने घरी होते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे त्यांचे झाले. त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, मग रंगाप्रमाणे लावले. मालकीणबाईंना मीठ सापडेना. त्यांनी थोरलीला बाजूला घेऊन सांगितले, की यांना काहीतरी काम मिळाले नाही तर हे घर तरी राहील किंवा मी तरी.

थोरली म्हणजे मालकांची मुलगी. ती दातांच्या दवाखान्यात फोनवर रुग्णांना वेळा देते, त्यामुळे तिच्या जिभेला मध आणि धार दोन्ही आहे. तिनेच ती जाहिरात शोधली. रंगकाम शिकवणाऱ्या एका केंद्राला शिक्षक हवा होता. जमिनीवर उभे राहून शिकवायचे, चढायचे शिष्य. मालकांना असे काम पुन्हा मिळणे कठीण होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. फक्त मुलाखत फोनवर होती, समोरासमोर चेहरे दिसतील अशी, आणि मालक तर फोनवर 'हॅलो' म्हणतानाही उभे राहतात.

तयारीला पाच दिवस होते. पहिल्या दिवशी फोन टेबलावर ठेवला. त्यात मालकांच्या नाकपुड्या आणि पंखा एवढेच दिसले. मग तो रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या उतरंडीवर ठेवला, तो दोनदा घसरला. थोरली गॅलरीत आली, तिने माझ्याकडे बघितले, मोजे काढले आणि मला आत घेऊन गेली.

"ही नको," मालक म्हणाले.

"बाबा, डोळ्यांच्या उंचीला येईल असं घरात दुसरं काही नाही."

तिने फोन माझ्या चौथ्या पायरीला नाडीने बांधला. आता मालक खुर्चीत बसले की त्यांच्या समोर फोन आणि त्याच्या बरोबर वर माझी तडकलेली पाचवी पायरी. आठ महिन्यांनी आम्ही समोरासमोर आलो होतो. मालक छताकडे बघत राहिले.

मग भिंतीचा प्रश्न आला. रंगाऱ्याचे घर, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसे सगळीकडे पोपडे. मालकांनी थोरलीला विचारले की फोनमध्ये नेमकी किती भिंत दिसते. तिने दाखवली. त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या आणि स्टुलावर बसल्या बसल्या तेवढाच चौकोन घासला, लांबी भरली आणि रंगाचे दोन हात दिले. दोन हातांच्या मध्ये एक दिवस सोडला. काम असे उतरले की फोनमध्ये बघणाऱ्याला वाटावे, राजवाडा आहे. मालकीणबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. बाकीची भिंत सावत्र आहे का, एवढेच त्यांनी विचारले.

थोरलीने अकरा प्रश्न आणि अकरा उत्तरे लिहून काढली. मालक ती रोज म्हणून दाखवत, शाळेत उभे केलेल्या मुलासारखी, एका दमात. "मला माझा प्रदीर्घ अनुभव नव्या पिढीला द्यायचा आहे," हे वाक्य तर ते असे म्हणत, की अनुभव नको पण आवरा, असे वाटे. समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता फोनच्या वरच्या काळ्या ठिपक्याकडे बघायचे, हे त्यांना जमेना. मग तिने ठिपक्याशेजारी पिवळी टिकली चिकटवली. त्यावर ते डोळे तपासायला आल्यासारखे टक लावून बसू लागले.

सातवा प्रश्न होता, काम का सुटले. पडण्याचा विषय आपण होऊन काढायचा नाही आणि त्यांनी विचारलेच तर 'शिडी निसटली' म्हणून पुढे जायचे, असे ठरले. मी तिथेच उभी होते. ऐकत होते. नोकरी मालकांना मिळावी असे मलाही मनापासून वाटत होते, पण ती माझ्या नावाला काळे फासून मिळणार याचे वाईट वाटत होते.

मुलाखतीच्या सकाळी मालकीणबाईंनी नळ बंद केला, मिक्सर बंद केला आणि शेजारणीला जिन्यातच गाठून सांगितले की अकरा ते साडेअकरा कोणी दार वाजवायचे नाही. मालकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. थोरली माझ्या मागे जमिनीवर बसली, हातात उत्तरांचा कागद घेऊन. बरोबर अकराला फोनमध्ये दोन चेहरे उगवले, केंद्राच्या प्रमुख बाई आणि एक चष्मेवाले साहेब.

पहिली सहा उत्तरे पार पडली. बाई लिहून घेत होत्या, पण त्यांचे पेन फार हलत नव्हते. चष्मेवाल्या साहेबांनी तर एक जांभई गिळली. थोरली कागदावर नखाने रेघा ओढू लागली. तेवढ्यात साहेबांनी विचारले, की सव्वीस वर्षे काम केलेत आणि आठ महिन्यांपूर्वी एकदम थांबलात, ते का?

"शिडी निस..." मालक म्हणाले आणि थांबले.

त्यांची नजर टिकलीवरून एक वीत वर सरकली होती. पाच दिवसांत पहिल्यांदाच ते माझ्या पाचव्या पायरीकडे बघत होते. थोरलीने मागून हातवारे केले, पुढे चला, पुढे चला. मालकांनी हात पुढे केला आणि नाडीची गाठ सोडली.

मित्रांनो, त्यानंतर फोनमध्ये काय काय दिसले म्हणून सांगू. आधी चौकोनाची कड दिसली, मग पोपडे, मग धुण्याची बादली, कपाळावर हात मारलेली थोरली आणि शेवटी उलटी मी, कारण मालकांनी फोन उलटा धरला होता. तिकडे दोघांनी माना वाकड्या केल्या. मालकांनी बोट नेऊन माझ्या चिरेवर ठेवले. आणि त्यांची जीभ सुटली, जशी पूर्वी तिसऱ्या पायरीवर सुटायची.

"ही बघा चीर. खाचेपासून सुरू झाली, इथं. हात फिरवला असता तर नखाला लागली असती. मी फिरवलाच नाही, वर्षभर. त्या दिवशी शिडी तीनदा करकरली. तीनदा. मला ऐकू आलं होतं. मी म्हटलं, कोपरा होऊ दे. आठ महिने लोकांना सांगतोय की शिडीनं दगा दिला. शिडीनं नाही दिला, साहेब. तिनं सांगितलं होतं. मी उतरलो नाही."

मला डोळे नाहीत, हे त्या दिवशी बरे झाले.

थोड्या वेळाने बाईंनी विचारले, "आणि ती मागची भिंत? अर्धीच रंगवलीत का?"

"तुम्हाला दिसेल तेवढीच रंगवली," मालक म्हणाले. "पण दोन्ही हात नीट दिलेत. मध्ये दिवस सोडून."

चष्मेवाल्या साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते हसत होते. बाईंनी विचारले की मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवाल. याचे उत्तर कागदावर नवव्या क्रमांकावर होते, चांगले पाच ओळींचे. मालकांनी कागदाकडे बघितलेच नाही. "ब्रश देणार नाही. शिडीवर हात फिरवायला लावीन," ते म्हणाले.

कळवतो, असे म्हणून चेहरे मावळले. थोरलीने कागदाची घडी घातली आणि बाबांची समजूत काढायला तोंड उघडले, तर मालक मस्तपैकी चहा मागत होते. मिळो न मिळो, मला हलकं वाटतंय, असे त्यांनी मालकीणबाईंना सांगितले.

मला तर त्या दिवशीच सगळे मिळाले होते. पण नोकरीही मिळाली. चौथ्या दिवशी फोन आला. मालक उभे राहून बोलले. फोन ठेवून ते सरळ गॅलरीत आले, कारण मोजे पुन्हा माझ्यावरच वाळत होते. त्यांनी ते एकेक करून काढले. खालपासून वरपर्यंत हात फिरवला आणि पाचव्या पायरीवर थांबले. मला वाटले, आता नवी फळी बसवतील. त्यांनी ब्रश आणला आणि तेवढी पायरी लाल रंगवली.

आता मी त्या केंद्रात, वर्गाच्या दाराशी उभी असते. माझ्यावर कोणी चढत नाही. नवी मुले-मुली आली की मालक पहिल्या दिवशी सगळ्यांना रांगेने माझ्यावर हात फिरवायला लावतात आणि डोळे मिटून चीर शोधायला सांगतात. मग गोष्ट सांगतात. हल्लीच्या गोष्टीत मी पाच वेळा करकरते, आणि गेल्या तुकडीला तर सात वेळा करकरले. शिक्षकाने थोडे वाढवून सांगितले तर चालते, म्हणून मी दुरुस्त करत नाही. घरची भिंत मात्र अजून तशीच आहे, एक चौकोन गोरा आणि बाकी सगळी सावत्र. मालकीणबाईंनी आता तारीख दिली आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी करकरत असेल. एखादे दार, एखादी खुर्ची, कदाचित रोज तुमचे ओझे उचलणारे एखादे माणूसही. हातातला कोपरा थोडा राहू द्या आणि आधी त्याच्याकडे जा. आम्ही उगीच बोलत नाही.

संध्याकाळी मुले गेली की मालक दिवे मालवतात आणि दाराशी येऊन माझ्या आठही पायऱ्यांवर हात फिरवतात, लाल पायरीवर जरा सावकाश. त्यांना तर आता कधीच चढायचे नाही. तरीही रोज फिरवतात.