फेतूने भरलेला रकाना

मी एक जुना शिकण्याचा करार आहे. आता कडा पिवळ्या पडल्यात, पण मित्रांनो, एके काळी माझ्यामुळे सामोआ बेटांवरच्या एका घरात भलतंच घडलं होतं.

तिथल्या आपिया शहरातल्या नर्सिंग शाळेत इलिसाबाईंनी मला घडवलं. चार रकाने: काय शिकणार, कसं, कधीपर्यंत, आणि आलं हे कशावरून समजायचं. खाली दोन सह्या, विद्यार्थिनीची आणि बाईंची. पण वडीलधाऱ्यांपुढे ‘मला हे हवं’ म्हणणं तिथे उद्धटपणाचं. म्हणून वर्गातल्या झाडून सगळ्या मुलींनी पहिल्या रकान्यात लिहिलं, ‘बाई सांगतील ते.’

मी जिच्या वाट्याला आलो, त्या फेतूनेही तेच लिहिलं. बाईंनी मला तिच्यापुढे आपटलं.

“अगं शहाणे, शिकायचंय कुणाला, तुला की मला? खरं सांग, कशाला घाबरतेस?”

फेतूने मला जवळ ओढलं. मग पुटपुटली, “साखरेच्या रोग्याच्या पायाची जखम मला बघवत नाही. आणि माझ्या आईला साखर आहे.”

“मग तेच लिही.”

तिने लिहिलं. सहा आठवड्यांत जखम ओळखायची, धुवायची, बांधायची. दवाखान्यात ती रोज आधी कोपऱ्यात जाऊन रडायची, मग हातमोजे चढवायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

पाचव्या आठवड्यात ती गावी गेली. मी तिच्या पिशवीत होतो. घरात सगळे चटईवर मांडी घालून बसलेले. माणसांकडे पाय करणं म्हणजे तिथे अपमानच. आईही मांडीवर कापड ओढून बसली होती. फेतूला त्या कापडाखालून वास आला. आता तो वास ती ओळखत होती.

“आई, पाय पुढे कर.”

“तुझ्या काकांसमोर पाय पसरू? शिकायला गेलीस आणि अक्कल गहाण टाकून आलीस का गं?”

काकाही गुरकावले, “आईला हुकूम सोडतेस, पोरी?”

फेतूने पिशवी उघडली. तिने मला काढून त्यांच्यापुढे धरलं. “हे मी लिहिलंय, काका. बाईंनी नाही. मी.”

काकांनी मला दोनदा वाचलं. मग ते आईकडे पाठ करून बसले. हळूहळू सगळ्यांनीच पाठ फिरवली. तेव्हा कुठे आईने पाय पसरला. फेतूने जखम धुतली, बांधली आणि आईला दवाखान्यात नेलं. दोन बोटं गेली, पण पाय वाचला.

हल्ली माझ्या भावंडांचे गठ्ठे छापतात आणि मुलं शेजाऱ्याचं बघून ते भरतात. वाईट वाटतं हो. मित्रांनो, आपल्याला काय येत नाही, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. ते स्वतःच्या हाताने लिहा. फेतूने लिहिलं नसतं, तर तिची आई तशीच मांडी घालून बसून राहिली असती.