पंप बंद, तरी रेघ हलते

श्यामलाने भूकंपमापक बनवला तो वडिलांसाठी. किल्लारीच्या भूकंपात रंगरावांचं घर पडलं, बायको ढिगाऱ्याखाली गेली. पुढे बऱ्याच वर्षांनी ते मुलीकडे कोथरूडला राहायला आले, पण रस्त्यावरून ट्रक गेला तरी उठून उभे राहायचे. श्यामला हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायची. तिने जिन्याखाली लोखंडी दांडा, वजन, चुंबक आणि तारेचं वेटोळं जोडून यंत्र उभं केलं. जमीन हलली की घरातल्या कॉम्प्युटरवर रेघ हलायची.

"जमीन शांत आहे, हे तुम्हालाच बघता येईल," ती म्हणाली.

जून लागला आणि रेघ शांत राहिना. संथपणे, सारखी खाली-वर होऊ लागली. रंगराव कॉम्प्युटरसमोरून हलेनात.

"यंत्रात खोट असेल, आप्पा."

"आन् नसली तर?"

याचं उत्तर शोधायचंच, असं ठरवून तिने रजा टाकली. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीधर यांना पाण्याचा पंप थोडा वेळ बंद ठेवायला सांगितलं.

"ठेवू की. आंघोळी काय, रोजच होतात," ते म्हणाले, पण पंप बंद केला. रेघ तशीच. वारा लागू नये म्हणून तिने यंत्रावर खोकं ठेवलं. तरी तशीच. मग तिने घड्याळ लावून हेलकावे मोजले. एका हेलकाव्याला साधारण सहा सेकंद. शहरातलं काहीच इतकं सावकाश हलत नव्हतं.

इंटरनेटवर अशी यंत्रं बनवणाऱ्या हौशी लोकांना तिने विचारलं. पोर्तुगालहून एकाने लिहिलं, "तुमच्या समुद्रात वादळ आहे का?" होतं; अरबी समुद्रात, खूप दूर. वादळी लाटा एकमेकींवर आपटल्या की समुद्राचा तळ दाबला जातो आणि ती थरथर खडकांतून लांबवर पोचते, असं त्याने समजावलं.

तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. लाटांच्या उंचीचे रोजचे आकडे मिळवून तिने रेघेशेजारी मांडले. लाटा वाढल्या की रेघेचे हेलकावेही वाढत होते.

"वादळ ओसरलं की रेघही उतरेल," तिने वडिलांना सांगितलं. "नाही उतरली, तर आपण दोघंही घर सोडू."

वादळ ओमानकडे जाऊन विरलं. रेघ हळूहळू बसली. रंगराव बराच वेळ बघत राहिले, मग जेवायला उठले.

दिवाळीनंतर ऑफिसात तिचा फोन वाजला.

"रेघ वाढलीया," रंगराव म्हणाले. "बातम्या बघितल्या, समुद्रात वादळ हाय. तू काम कर निवांत."