पडलेला नववा खिळा

मित्रांनो, मी एक जुना गज आहे. कापड मोजायचा गज. तुम्ही मीटरच्या जमान्यातली मुलं. मला पाहाल तर म्हणाल, ही काळी काठी भिंतीवर कशाला टांगून ठेवली आहे? म्हणून आज माझी गोष्ट सांगतो. आधीच सांगून ठेवतो, ती भीतीची गोष्ट आहे. आयुष्यात मी तीनदा घाबरलो. दोनदा स्वतःसाठी घाबरलो, ते मागे पडलं. तिसऱ्यांदा चंद्राबाईसाठी घाबरलो, आणि ती भीती अजून माझ्या लाकडातून निघालेली नाही.

माझा जन्म शिराळ्याच्या एका सुताराच्या हातून झाला. लाकूड अस्सल शिसवाचं. दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या आणि गजाचे सोळा भाग पाडून प्रत्येक भागाला एक पितळी खिळा ठोकला. काळ्या अंगावर सोळा पिवळे ठिपके. नाथाजी शिंप्याच्या वडिलांनी मला कवठे महांकाळला आणलं. पुढे मी नाथाजीच्या हाती आलो. आजूबाजूच्या आठवडी बाजारांत मी धोतरं मोजली, लुगडी मोजली, बाळंतविड्याची झबली मोजली. नाथाजी मोजायला लागला की पहिल्याला एक म्हणत नसे, लाभ म्हणत असे. लाभ, दोन, तीन. बाजारात लोक म्हणायचे, नाथाजीचा गज आणि नाथाजीची जीभ, दोन्ही सरळ. मी फुगून जायचो. लाकूड फुगतं ते फक्त पावसाळ्यात, असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही.

मग एका बाजारात मी गाडीच्या चाकाखाली आलो. मोडलो नाही, पण माझा नववा खिळा उडाला तो सापडलाच नाही. पुढच्याच बाजारात एका गिऱ्हाइकाने माझे खिळे मोजले, पंधरा भरले, आणि त्याने चारचौघांत नाथाजीला लबाड ठरवलं. मला वाटलं, आता मला मोडून टाकतील. नाथाजीने दुसऱ्याचा गज मागून आणून माझ्याशेजारी धरला तेव्हा कुठे तो माणूस गप्प झाला. तेव्हापासून माप घेताना नववी जागा आली की नाथाजी बोट ठेवून सांगायचा, "नववा पडलाय, गज पुरा हाय." नाथाजीशी लग्न होऊन चंद्राबाई घरात आली, मापं घ्यायला शिकली, तीही त्या जागी थांबून तेच म्हणू लागली. खिळा बसवून घेऊ, बसवून घेऊ म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. आमचा नाथाजी सगळ्या बाबतीत चांगला, फक्त उद्याचा भक्त.

पुढे सरकारने मीटर आणला. लोखंडी, शिक्का मारलेला. वजनमापांचा साहेब येऊन जुने गज गोळा करतोय अशी आवई उठली, आणि चुलीच्या शेजारी उभा असलेला मी रात्रंदिवस धसका घेऊन राहिलो. साहेब आला नाही. मला कुणी जाळलं नाही, पण विचारलंही नाही. मी दोरीवरचे कपडे काढले, मांजर हाकललं, माळ्यावरची गाडगी ओढली. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय.

आता तिसरी भीती सांगतो.

चंद्राबाईचा उजवा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेला होता. तिचा सगळा संसार डाव्या डोळ्यावर. त्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. ती तांदळातला खडा बोटांनी शोधायला लागली, दारातला माणूस आवाजावरून ओळखायला लागली. पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात गावातल्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं, तिथे तिचा मोतीबिंदू काढला. डोळ्यांवर पट्ट्या बांधून, मान न हलवता, ती कितीतरी दिवस उताणी पडून होती. शेजारच्या खाटेवर मनुबाई नावाची म्हातारी होती. तिच्या घरच्यांनी डॉक्टरांची पाठ वळताच पट्टी सोडली आणि डोळ्यात मधाचं बोट फिरवलं. डोळ्यात पू झाला, डोळा गेला. पट्टीआडून चंद्राबाईने ते सगळं ऐकलं, मनुबाईचं रडणंही. मध कुणी घातला ते तिच्या ध्यानात राहिलं नाही. राहिलं एवढंच, की डोळ्याला हात लावला आणि डोळा गेला.

दीड महिन्याने तिला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. घरी येऊन तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, गज वाकला! चौकट वाकली, नाथाजीचं तोंड परातीएवढं झालं, पायरी जवळ दिसली म्हणून पाय हवेत पडला आणि चहा कपाशेजारी ओतला गेला. पांढरं धोतर तिला निळसर दिसायचं. नाथाजीला माझा वाकडेपणा मानवला नाही. दुसऱ्या दिवशी तो मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेला. डॉक्टर हसले. म्हणाले, गज सरळच आहे, भिंग जाड आहे. भिंगाच्या मधून बघायचं, डोळा न फिरवता मान फिरवायची, महिन्याभरात सवय होईल. मग हसू आवरून त्यांनी एक गोष्ट बजावली. रोज सकाळी एकाच जागी बसायचं, गजाच्या वरच्या टोपीवर नजर रोखायची, आणि खालच्या टोकापर्यंत गज अखंड दिसतो का ते बघायचं. डोळ्यात विजा चमकल्या, काळी चिलटं नाचायला लागली किंवा गजावर पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी यायचं. डोळ्याच्या आत मागे चिकटलेला पडदा सुटला तर दिवस मोजत बसायला वेळ नसतो.

असा मी चुलीशेजारून उठून भिंतीवर आलो. पंधरा वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे रोज बघू लागलं. चंद्राबाई दारातल्या उजेडात बसायची, टोपीवर नजर ठेवून खालपर्यंत बघायची, मग एकेक खिळा मोजायची. लाभ, दोन, तीन... आठ. मग थांबायची. "नववा पडलाय." मग दहा, अकरा, सोळापर्यंत. मीटर आला तेव्हा मेलेला मी पुन्हा जिवंत झालो. वर्षभर हे असं चाललं.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी ती चुलीपुढे बसून तोंडासमोरून हात हलवत होती. शेजारची हरणाबाई म्हणाली, "काय वारतीयास गं?" चिलटं लय झाली, असं चंद्राबाई म्हणाली. हरणाबाईने इकडे तिकडे पाहिलं. एकही चिलट नव्हतं. ती म्हणाली, ऊन लागलं असेल, कांदा ठेव डोक्यावर. संध्याकाळी चंद्राबाईच्या डोळ्याच्या कडेला लोहाराच्या भट्टीतल्यासारखी ठिणगी उडाली. तिने ती कुणाला सांगितली नाही. मला कशी कळली म्हणाल, तर ती दचकून माझ्याकडे वळली होती.

सकाळी ती नेहमीच्या जागी बसली. वरच्या टोपीवर नजर ठेवली. मग उठली, अगदी माझ्याजवळ आली, आणि कुजबुजली, "खालचं टोक कुठं गेलं तुजं?" तिने हात लावून माझी खालची टोपी चाचपली. टोपी जागेवर होती. तिची बोटं गार पडली होती. पितळेला गारवा लगेच कळतो.

आतून नाथाजीने विचारलं, दिसतंय का? चंद्राबाई म्हणाली, "दिसतंय की समदं."

मित्रांनो, त्या क्षणी माझी काय अवस्था झाली ते कसं सांगू? घरात तिसरं माणूस नव्हतं. तिचा अंधार फक्त तिला माहीत होता आणि मला. आणि मला तोंड नव्हतं. मी मनात म्हणत होतो, बाई, खोटं बोलू नकोस, डॉक्टर काय म्हणाले ते आठव. पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. तिच्या कानात मनुबाईचं रडणं होतं. एकच डोळा, आणि त्याला पुन्हा कुणी हात लावणार, या विचाराने ती गारठून गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने हनुवटी वर केली, मान तिरकी केली, तरी खालचे चारपाच खिळे तिला सापडत नव्हते. आवाज मोठा करून ते तिने म्हणून टाकले. तिसऱ्या दिवशी तिने सांडशी समजून विळी उचलली. मी वाट बघत होतो की नाथाजी बघेल. नाथाजी बाजाराचे गठ्ठे बांधत होता. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. मला वाटायचं, खुंटीवरून खाली पडावं, आवाज करावा, काहीतरी करावं. सुताराने मला सरळ केलं होतं, हलायची शक्ती दिली नव्हती.

चौथी सकाळ. नाथाजी माझ्याकडे पाठ करून खणांच्या घड्या घालत होता. चंद्राबाई बसली. तिचा डोळा माझ्याकडे होता, पण मी त्यात नव्हतो. ज्या खिळ्याकडे ती बघे तोच पाण्यात पडल्यासारखा हलायचा. तिने सुरुवात केली. लाभ, दोन, तीन, चार. आवाज सरळ, पाढे म्हटल्यासारखा, न अडखळता. सात, आठ, नऊ, दहा.

नाथाजीचे हात थांबले. तो वळला नाही. पुन्हा मोज, एवढंच म्हणाला. तिने पुन्हा मोजलं. आठ, नऊ, दहा. तीस वर्षं तिची मापं ऐकलेला कान तो. तो हळूच वळला आणि म्हणाला, "नववा कवा बसवला गं?"

चंद्राबाईने चाचपडत पदर शोधला आणि तोंडाला लावला. मग सगळं बाहेर पडलं, चिलटं, ठिणगी, न दिसणारं टोक. नाथाजीने तिला मिरजेला चल म्हटलं, तर तिने दाराची चौकट घट्ट धरली. "आवं, ह्यो एकच हाय. त्याला हात लावला तर मी कुठं जाऊ?"

नाथाजीला राग आला होता, पण त्याहून जास्त तो घाबरला होता. तो तिच्यासमोर खाली बसला. म्हणाला, "हात न्हाई लावला तरी निघालाच हाय त्यो. चार दिस एकटीच भ्यालीस. आता दोघं मिळून भिऊ, चल."

तिने चौकट सोडली. खणांचे गठ्ठे तसेच पडले, आणि सकाळच्या यष्टीने दोघं गेली.

त्यानंतरचे दिवस मी बंद घरात काढले. हरणाबाई केर काढायला यायची, तिच्या बडबडीतून कळलं की मिरजेच्या डॉक्टरांनी लगेच पुण्याला पाठवलं, पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा पट्ट्या बांधल्या. पुढचं तिलाही माहीत नव्हतं. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळं विणलं. मी रोज सकाळी वरच्या टोपीवर कुणाची तरी नजर यायची वाट बघायचो. मला एकच भीती होती, की ती येईल, माझ्यासमोर बसेल आणि मोजणारच नाही.

पावसाळा लागला तेव्हा ती आली. नाथाजीने हाताला धरून तिला तिच्या जागी बसवलं आणि उपरण्याने मला पुसलं. चंद्राबाईने चष्मा सारखा केला. लाभ, ती म्हणाली. मग दोन. मग तीन. एकेक खिळ्याला वेळ लागत होता. सात. आठ.

आणि ती थांबली.

"नववा पडलाय," चंद्राबाई म्हणाली.

नाथाजीने तोंड फिरवून उपरणं डोळ्याला लावलं. ती चौदापर्यंत पोचली. शेवटचे दोन खिळे तिच्यासाठी अंधारात राहिले, ते कायमचेच. डॉक्टर म्हणाले होते, चार दिवस आधी आला असतात तर बहुधा तेही दिसत राहिले असते. त्या चार दिवसांचं ओझं मी अजून अंगावर बाळगून आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात मोतीबिंदू काढलेलं कुणी असेल तर रोज त्यांच्याजवळ घटकाभर बसा. दिसतंय का, एवढं विचारून उठू नका. भ्यालेलं माणूस दिसतंय म्हणतं. काय दिसतं ते विचारा, आणि उत्तर नीट ऐका. ठिणग्या, चिलटं, पडदा, यातलं काही निघालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मागच्या आठवड्यात दारावर तांबट आला होता. म्हणाला, गजाचा एक खिळा पडलाय, घडीभरात बसवून देतो. आयुष्यभर उद्या करू म्हणणारा नाथाजी या वेळी उद्या म्हणाला नाही. त्याने माझ्या नवव्या, रिकाम्या जागेवर अंगठा ठेवला आणि तांबटाला सांगितलं, नको, तेवढी जागा तशीच राहू दे.