रविवारचं फाटक

रांगेत उभं राहावं की सरळ घरी जावं, हे थोरलीला काही केल्या ठरवता येईना. सख्ख्या भावाच्या जमिनीत शिरायला रांग! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ती पोट धरून हसली असती. आता मात्र एक पाय रांगेत, एक बाहेर, अशी ती उभी होती.

भांडण जुनं. वडिलांच्या मागे तळ्याची जमीन दोघांच्या नावावर आली. थोरली म्हणाली विकू, धाकटा म्हणाला पक्षी जातील कुठे. "पक्ष्यांची काळजी आहे, बहिणीची नाही," असं म्हणून तिनं आपला वाटा रागाच्या भरात त्याच्या नावावर करून टाकला आणि वर "पुन्हा तुझं तोंड बघणार नाही" असं ऐकवून आली. डोकं थंड झाल्यावर आधी गेली तीच, हे विसरू नका. त्यानं दार उघडलं नाही. ती वाजवत राहिली, तर त्यानं खिडकीतला दिवा मालवला. फोन उचलायचं तर नावच नाही. असला हटवादी माणूस!

मग परवा तिच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. कपडे दुरुस्त करायचं दुकान तिचं, मशीनला लागून भिंतीपर्यंत लोकांच्या पँटींचा ढीग. या गिऱ्हाइकाची गुडघ्यावर फाटली होती, तळ्याकाठच्या कुंपणाच्या तारेत अडकून. कुठलं तळं म्हणून विचारलं, तर धाकट्याचंच! जमीन पक्ष्यांसाठी राखली म्हणून सरकारनं त्याला कर माफ केलाय आणि त्या बदल्यात दर रविवारी येईल त्याला आत घ्यायचं, अशी अट घातलीय. थोरलीच्या हातातली सुई हातातच राहिली. म्हणजे घराचं दार उघडणं त्याच्या मर्जीवर, पण फाटक उघडावंच लागतंय की बेट्याला!

म्हणून ती आली होती. पुन्हा बोलेल का तो आपल्याशी, एवढंच तिला बघायचं होतं.

फाटकापाशी धाकटा काठी टेकून उभा होता. केस पार पिकलेले. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"किती जण?"

"एकटीच," ती कशीबशी म्हणाली.

"दोरीच्या अलीकडून चालायचं, बाई. मोठ्यानं बोलायचं नाही." आणि तो मागच्या माणसाकडे वळला.

थोरलीचं डोकंच चालेना. ओळखलं नाही म्हणावं, तर एका ताटात जेवून मोठी झालेली माणसं. ओळखलं म्हणावं, तर चेहऱ्यावरची माशी हलली नव्हती. डोळे अधू झालेत का? की वेड पांघरून पेडगावला चाललाय? लहानपणी यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती सगळ्यांच्या मागून चालत राहिली. तो घरटी दाखवायचा, मागे वळून माणसं नीट येताहेत ना बघायचा, आणि नजर तिच्यावरून अशी घसरायची की तिथे कुणी नाहीच.

पाण्याजवळ एका तरुण मुलीनं विचारलं, "आजोबा, हे सगळं तुम्ही एकटेच सांभाळता? घरचं कुणी नाही?"

"एक बहीण होती," तो म्हणाला.

होती? थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगली धडधाकट मागे उभी आहे, आणि हा खुशाल वर पोचवतोय!

"काय झालं हो तुमच्या बहिणीला?" तिनं विचारलं. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

धाकट्यानं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला.

"हे तळं तिच्यामुळे राहिलं," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तिनं वाटा धरून ठेवला असता तर अर्धं बुजलं असतं. चिडून सोडला, पण सोडला. मी तिला साधं 'बरं केलंस' म्हटलं नाही. दारात आली, तर लाजेनं दिवा मालवून अंधारात बसून राहिलो. त्यानंतर कुठल्या तोंडानं बोलणार?"

"आणि आता आली तर?" थोरली दोन पावलं पुढे सरली.

"आली तर तिलाही दोरीच्या अलीकडूनच. नियम म्हणजे नियम."

लोक हसले. थोरलीला कळेना, हे बोलावणं होतं की नकार. रडू येत होतं, रागही येत होता, आणि या म्हाताऱ्याला एक धपाटा घालावा असंही वाटत होतं.

वेळ संपली. एकेक जण फाटकातून बाहेर पडला. थोरली शेवटी होती. ती पोचली, तर धाकट्यानं तिच्या तोंडासमोर फाटक ओढून घेतलं आणि आतून कुलूप लावलं.

"अरे, मी आत राहिले ना!"

"दिसतंय मला," तो म्हणाला आणि किल्ली खिशात टाकून तळ्याकाठच्या आपल्या घराकडे चालू लागला. थोरली जागच्या जागी उभी. थोडं पुढे जाऊन तो थांबला, पण वळून काही पाहीना.

"ये ना गं, ताई."