बेचाळिसावं पान

केरबानं पट्टी बेचाळिसाव्या पानावर आडवी धरली आणि पुन्हा वरून वाचायला घेतलं. स्वयंपाकीण धोंडुबाईवरचा मजकूर गेला होता. वसतिगृहाच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकातल्या त्या पाच ओळी पहिल्या प्रुफात त्यानं स्वतः तपासल्या होत्या: तीस वर्षं दोन्ही वेळच्या भाकरी, तापातल्या पोरांना पेज, सुट्टीत घरी न गेलेल्यांना पुरणपोळी. त्या भाकरी त्यानंही खाल्ल्या होत्या. कोडोलीहून येऊन तो तिथंच राहून सातवीपर्यंत शिकला.

आता खालचा परिच्छेद वर सरकून असा बसला होता, की मध्ये काही होतं हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. शिशाचे खिळे जुळवून छापायच्या काळात पाच ओळी उपसायच्या म्हणजे पुढची पानंच्या पानं हलवावी लागत, सगळ्या छापखान्याला कळे. या कॉम्प्युटरवर चोरी झाली तरी कडी वाजत नव्हती.

ते मशीन आल्यापासून केरबाचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि ते चालवणाऱ्या चंदनावर तर नव्हताच. गेले दोन दिवस तो खोलीत शिरला, की ती पडद्यावरचं पान बदलायची. त्यानं प्रूफ नेऊन तिच्या टेबलावर आपटलं.

“धोंडुबाईला कुणी काढलं?”

चंदनाची बोटं थांबली.

“मालकांनी सांगितलं? का त्या देणगीवाल्यानं? त्याचा फोटू मोठा करायला जागा पायजे हुती, व्हय?”

“न्हाय, काका.”

“मग तुझ्या मनानं?”

तिनं उठून दार लोटून घेतलं.

“त्या स्वतः आलत्या. परवा, तुम्ही जेवायला गेलता तवा. वाचून दाखव म्हटल्या. दोनदा ऐकलं, मग म्हटल्या, काढ. त्यांच्या पोराची, सयाजीची सोयरीक जुळत आलीया. आई लोकांच्या भाकरी भाजत हुती, हे त्यानं मुलीकडं सांगितलेलं न्हाय.”

केरबानं टेबलावरचं प्रूफ पुन्हा हातात घेतलं.

“संस्थेच्या सचिवांना विचारलं मी. बाईंची मर्जी असंल तर काढा म्हटले. फक्त केरबाला सांगू नको, असं त्या बजावून गेल्या.”

केरबा स्टुलावर बसला. पुस्तकात नाव येतंय, हे गेल्या रविवारी त्यानंच पेढे घेऊन धोंडुबाईच्या घरी जाऊन सांगितलं होतं. तिनं पेढा नुसता हातात धरला होता आणि विचारलं होतं, “पुस्तक किती जणांस्नी वाटणार?”

“हजार!” तो छाती फुगवून म्हणाला होता.

त्यानं खिशातलं पेन काढलं. ‘छापण्यास हरकत नाही’ असं लिहून खाली सही केली. उठला, पण गेला नाही.

“पुसलेलं ते गेलंच आता?”

“न्हाय. जुनं पान फ्लॉपीत वेगळं ठेवलंय.”

केरबानं लोटलेल्या दाराकडं पाहिलं.

“त्याची एकच प्रत निघंल?”

“निघंल की.” चंदनानं प्रिंटरमध्ये कागद सरकवला. “नाव जरा मोठ्या अक्षरात करू?”

“नको,” केरबा म्हणाला. “हाय तसंच.”