जाळीवरचा काळा पडदा

मदर हेरोनिमाला तोरो गावातले लोक आत्ताच संत म्हणायला लागलेत. म्हणोत बापडे, त्यांना तिच्या हाताखाली राहायचं नाही.

तिनं मठ सुधारला, हे मात्र खरं. आधी आमच्या भेटीच्या जाळीशी गावचे रंगेल सरदार गिटार घेऊन बसायचे, बड्या घरच्या सिस्टरांच्या खोल्यांत कुत्री आणि मोलकरणी असायच्या. मदरनं आल्या आल्या सगळ्यांना हाकललं, आमच्या पायांतले बूट-मोजे काढले आणि स्वतः खिळे ठोकून जाळीवर काळा पडदा लावला. त्याच हिवाळ्यात माझी धाकटी बहीण कासिल्दा खोकून खोकून गेली. शेवटपर्यंत अनवाणी. मदर तेव्हा दुसरा मठ उभारायला गेली होती, बर्फानं वाटा बंद, घरी निरोप गेलाच नाही.

मार्चमध्ये आई आली. पडद्यापलीकडून म्हणाली, "कासिल्दा, तूच ना गं?"

धाकटी तिची लाडकी. माझ्या तोंडून "हो" निघून गेलं.

"आणि थोरली, लिओकादिया?"

"आजारी आहे ती. खोकला." एका तोंडानं दोघी कशा होणार?

तीन रविवार मी कासिल्दा झाले. आई इतक्या मायेनं माझ्याशी जन्मात बोलली नव्हती. सांगायला लाज वाटते, पण मला ते आवडलं. तिसऱ्या रविवारी तिनं भिंतीतल्या फिरत्या कपाटातून लोकरीचे मोजे सरकवले. "थोरलीला घाल. तुमच्या त्या मदरला कळू देऊ नकोस."

ईस्टरला मदर परतली आणि माझ्या गवताच्या गादीखाली तिला मोजे सापडले. तिच्यापुढे खोटं टिकत नाही. मी सगळं सांगून टाकलं.

"रविवारी पडदा मी काढते," ती म्हणाली. "तोंड दाखवून सांग."

"आई मरेल, मदर."

"कासिल्दाच्या आत्म्यासाठी तिच्या आईनं अजून एकही प्रार्थना केलेली नाही. तुझ्यामुळे. आधी ते बघ."

रविवारी तिनं पकडीनं एकेक खिळा उपटला. तिचेही पाय थंडीनं फुटून रक्ताळले होते, ते मला तेव्हाच दिसलं. पडदा खाली पडला.

आईनं मला पाहिलं आणि जाळीत बोटं घालून रडता रडता हसायला लागली. "लिओकादिया, उठलीस गं बाई. मी मेणबत्त्या लावून लावून थकले." माझ्याकडे बघून ती अशी कधीच हसली नव्हती. "त्या कार्टीनं उगाच घाबरवलं मला. बोलव तिला, कान पिळते तिचा."

मागून मदरचा थंडगार हात माझ्या पाठीवर टेकला.

"बोल," ती म्हणाली.