वास घेणाऱ्या बाईची परीक्षा

परीक्षा मीच मागून घेतली होती. साबणाच्या कारखान्यात मी सुगंधी तेलांचे वास घेते. कुठलं पिंप चांगलं, कुठलं खवट, हे माझ्या नाकाने सांगायचं. मुख्य तपासनिसाची जागा रिकामी झाली, तर साहेबांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझं डोकंच फिरलं. दिला लेखी अर्ज: माझ्या कामाचं रीतसर मूल्यमापन करा.

मग ताप आला. तो उतरला, पण माझं नाक काही परत आलं नाही.

मला आधी कळलंच नाही. मुलगी धावत स्वयंपाकघरात आली. "अगं आई, दूध करपून कोळसा झालंय आणि तू शेजारीच उभी!"

"विचारात होते गं," मी म्हटलं. ती गेल्यावर कांदा फोडला, फिनेलची बाटली उघडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, वास मात्र नाही. हे कळलं तर मला घरी बसवतील, आणि घरात कमावती मी एकटी.

कामावर आम्ही जोडीने वास घेतो. आता माझी जोडीदार आधी बोलायची आणि मी मान डोलवायची. एरवी मी तिचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही.

"हल्ली फार गुणाची झालीस गं," ती म्हणाली. मला दरदरून घाम फुटला.

अर्ज मागे घ्यायला गेले, तर साहेब खूश. "अहो बाई, तुमच्यामुळेच सुचलं! आता सगळ्यांचंच करतोय. पहिला मान तुमचा."

घ्या! मारून घेतला पायावर धोंडा.

खोलीत साहेब होते आणि बाहेरून बोलावलेल्या परीक्षक बाई. टेबलावर वास ओळखण्यासाठी कागदाच्या पाच पट्ट्या. गुलाब, मोगरा, लिंबू, काहीतरी ठोकून द्यायचं असं मी ठरवूनच आले होते. पहिली पट्टी नाकाशी धरली. पण आमचा साबण तान्ह्या बाळांचा. खवट तेल माझ्या हातून सुटलं, तर त्यांच्या अंगावर फोड उठतील. मला राहवेना.

"मला कसलाच वास येत नाही," मी म्हणाले.

परीक्षक बाई हसल्या. "शाब्बास! ही नुसत्या पाण्यात बुडवलेली आहे. इथे भलेभले फसतात, काहीतरी नाव सांगून मोकळे होतात."

साहेबांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकाने बघितलं. 'नाही हो, तसं नाही,' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. होतं नव्हतं ते धाडस मघाशीच संपलं होतं.

"सावकाश घ्या," म्हणत बाईंनी दुसरी पट्टी माझ्या हातात दिली. साहेब पेन उघडून बसले होते. मी पट्टी नाकाशी नेली, आणि ही नोकरी आता टिकेल याचीच मला भीती वाटायला लागली.